बिरादार मॅडमचा शब्द

बिरादार मॅडम स्वतःच्या वर्गातसुद्धा विचारल्याशिवाय शिरायच्या नाहीत. दाराशी थांबायच्या, चौकटीवर बोटानं टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "येऊ का?"

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, कुणाची तरी आई आली असेल. कुणीच बोललं नाही. त्या तशाच उभ्या. ठेंगणा बांधा, पदर कमरेला खोचलेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, काखेत हजेरीपट. शेवटी मागच्या बाकावरचा एक पोरगा ओशाळून "या की मॅडम" म्हणाला, तेव्हा त्या आत आल्या. खडू उचलला, आमच्याकडं पाठ करून म्हणाल्या, "उत्तर आलं न्हाई म्हणजे 'ये' असं समजायचं नसतं. एवढं डोक्यात शिरलं तर आजचा तास झाला म्हणा."

आम्ही नांदेडच्या एका कॉलेजात मानसशास्त्रात एम.ए. करत होतो. मी हदगावकडची. माझ्या खोलीतली वंदना रेणापूरजवळच्या एका खेड्यातली. मॅडम आम्हाला शिकवायच्या, मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरही त्याच, आणि कॉलेजात मुलींच्या तक्रारींसाठी जी समिती असते तिच्या अध्यक्षाही त्याच. त्यामुळं सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या हजेरीपर्यंत बाई आमच्या डोळ्यांपुढं असायची. त्यांच्या जुन्या मोपेडच्या डिकीत काय नसायचं? पॅडची पाकिटं, डोकेदुखीच्या गोळ्या, लिमलेटच्या गोळ्या, सुईदोरा. "डिकी उघडीच हाय, विचारायचं न्हाई, घ्यायचं," असं त्या सांगायच्या आणि लगेच हसायच्या, "बघा, हे एकच ठिकाण हाय जिथं मी विचारू नका म्हणते."

त्या मूळच्या देगलूरच्या. तिकडच्या बाजारात मराठी, कानडी, तेलगू आणि दखनी एकाच तराजूत तोलतात. त्याचं त्यांना मोठं कौतुक. "मला नकार चार भाषांत येतो," त्या म्हणायच्या. "मराठीत नको. कानडीत बेडा. तेलगूत वद्दू. आणि आमच्या शेजारच्या चाचीचं नक्को. चारी शब्द कसे चटदिशी संपतात बघा. आणि तुम्ही पोरी काय म्हणता? बघू. नंतर सांगते. आज जरा डोकं दुखायलंय."

मग एकेकीला उभं करून त्या मोठ्यानं 'नको' म्हणायला लावायच्या. आम्ही हसून लोळायचो. वंदनाला मात्र ते जमायचंच नाही. तिचा 'नको' माफी मागितल्यासारखा यायचा. मॅडम तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या, म्हणाल्या, "तुला कुणाची भीती वाटते गं? मी हाय ना इथं. म्हण." एक दिवस वंदना एवढ्यानं ओरडली की शेजारच्या वर्गातले सर डोकावले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून वंदना त्यांची लाडकी. तिच्या वाट्याला डिकीतल्या लिमलेटच्या गोळ्या जास्त यायच्या.

मेसमधला किस्सा तर पुढच्या बॅचच्या मुलीही सांगतात. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना आग्रहाची सवय. 'बास' म्हटलं तरी भाताचा आणखी एक डाव ताटात पडायचाच. एकदा मॅडम पाठीमागं येऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, ती पोरगी काय म्हणली?"

"बास म्हणली. पण पोरी म्हणतातच तसं."

"हेच! हेच ते," मॅडम ताटांच्या मधोमध उभ्या राहून बोलायला लागल्या. "पोरी म्हणतातच तसं. मायेनं वाढणारी बाई असं म्हणते, आणि मग दुसराही कुणी तसंच म्हणतो. आजपासून या मेसमधी आग्रह बंद."

मावशी रुसल्या. दुसऱ्या दिवशी मॅडम आमच्यात जेवायला बसल्या, तर त्यांच्या वाटीत वरण टेकलं न टेकलं एवढंच. मॅडम वाट बघतायत, मावशी भिंतीकडं बघतायत. शेवटी मॅडम म्हणाल्या, "मावशी, वरण?" मावशी शांतपणे म्हणाल्या, "मागितल्यावर देईन की. आग्रह बंद हाय." मॅडम एवढ्या हसल्या की ठसका लागला. हरलं तरी हसता यायचं त्यांना. निदान तेव्हा आम्हाला तसं वाटायचं.

मुलांनाही त्या सोडत नसत. एकदा तासाला संमती हा विषय निघाला. एक जण म्हणाला, "मॅडम, मुलगी स्वतःहून भेटायला आली, तर तिला चालतंय असंच समजणार ना?" मॅडमनी खडू खाली ठेवला. पहिल्या बाकावर बसलेल्या संकेतकडं हात पुढं केला.

"तुझा मोबाईल देतोस?"

त्यानं दिला.

"उघडून दे."

त्यानं अंगठा लावून उघडून दिला. मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. "आता तुझे मेसेज वाचू का मोठ्यानं?"

"न्हाई, न्हाई मॅडम!" संकेत अर्धा उठला. वर्ग हसला.

"का रे? स्वतःहून दिलास. उघडूनही दिलास."

"दिला, पण वाचायला न्हाई दिला."

"मग?" मॅडमनी मोबाईल त्याच्या हातात परत ठेवला आणि प्रश्न विचारणाऱ्या पोराकडं वळल्या. "मिळालं उत्तर? एका गोष्टीला हो म्हणजे दुसऱ्या गोष्टीला हो न्हाई. आणि मधेच मन बदललं तर तिथंच थांबायचं. रागावलेल्या, घाबरलेल्या, नशेतल्या माणसाचा हो धरायचा न्हाई. हे मी वाचून सांगत न्हाई, संकेतनं सांगितलं." संकेत लाजला. चांगला मुलगा होता, म्हणजे सगळे तसं म्हणायचे. नांदेडचाच. अक्षर देखणं, गॅदरिंगला सूत्रसंचालन तोच करायचा.

दर वर्षी मॅडम मुलींना सरकारी दवाखान्यात घेऊन जायच्या. आजारी कुणी नसायचं. केसपेपरची खिडकी, औषधांची रांग ओलांडून मागच्या बाजूला स्त्रियांसाठीचं एक मदत केंद्र होतं. एक खोली, दोन खाटा, पाण्याचा माठ आणि शबानाताई नावाच्या समुपदेशक. मॅडम म्हणायच्या, "रस्ता आधी बघून ठेवा. वेळ आली की डोकं चालत न्हाई, पाय चालतात." शबानाताई सगळं समजावून सांगायच्या. आधी उपचार. त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही, पैसे मागू शकत नाही. दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं, पण जबाब द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवायचं. जमलं तर अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत. वकील पाहिजे असला तर कोर्टातल्या विधी सेवेतून फुकट मिळतो. कॉलेजच्या समितीकडं तक्रार करायची तर मुदत असते, ती चुकवायची नाही.

वंदनानं तिथं एकच गोष्ट विचारली होती. "आणि घरी?"

"तू सज्ञान आहेस," शबानाताई म्हणाल्या. "घरी कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते तू ठरवायचं. दुसऱ्या कुणी न्हाई."

मॅडमनी जोरजोरात मान हलवली होती. मी त्यांच्या शेजारीच उभी होते.

आता पुढचं सांगते. लिहू का, असं मी वंदनाला विचारलंय. "नावं बदल, आणि मी आता कुठं असते ते लिहू नको," एवढं तिनं सांगितलं.

दुसऱ्या वर्षाला वंदना आणि संकेतचं जमलं. चोरून काही नव्हतं. कॅन्टीनमध्ये बसायचे, गोदावरीच्या घाटावर फिरायला जायचे. ती खुशीत असायची. एके दिवशी दुपारी तो तिला मित्राच्या रिकाम्या खोलीवर घेऊन गेला. ती गेली, स्वतःच्या मनानं गेली. त्यानं हात धरला तेव्हा तिला आवडलंही. हात धरण्याच्या पुढं मात्र तिला जायचं नव्हतं. ती 'नको' म्हणाली. स्पष्ट म्हणाली, शिकवल्यासारखी. तो म्हणाला, "अगं, काही न्हाई होत." आणि थांबला नाही.

खोलीवर आली तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पलंगावर बसली आणि ओढणीची कड बोटाला गुंडाळत राहिली. बऱ्याच वेळानं थोडं थोडं करून तिनं मला सांगितलं. मग उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "मला बिरादार मॅडमकडं जायचंय."

खरं सांगते, त्या दिवशीच्या मॅडमसारखी बाई मी पुन्हा बघितली नाही. त्यांनी दार लावलं, वंदनाला पाणी दिलं, आणि ती बोलेपर्यंत गप्प बसल्या. का गेलीस, एकटी का गेलीस, ओरडली का नाहीस, यातलं एक अक्षर विचारलं नाही. वंदना हुंदके देत म्हणाली, "मीच गेले होते मॅडम, माझ्या पायानं गेले होते." तेव्हा त्या म्हणाल्या, "तू गेलीस म्हणून हे झालं न्हाई. त्यानं केलं म्हणून झालं. हात धरू दिलास, मग तिथंपर्यंतच तुझा हो होता."

वंदनानं डोळे पुसले. "मॅडम, घरी कळू देऊ नका. अण्णांना मी सांगेन, माझं मी. पण आत्ता न्हाई."

मॅडमनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. घ्यायच्या आधी "धरू का?" असंही विचारलं. "माझा शब्द हाय तुला. तुला विचारल्याबिगर एक पाऊल टाकायची न्हाई मी. सकाळी येते, आपण शबानाकडं जाऊ."

त्या रात्री वंदनाला झोप लागली.

सकाळी ती तयार होऊन व्हरांड्यात बसली. मी तिच्यासोबत. मोपेडचा आवाज यायची वाट बघत होतो. आली ती एक जीप. त्यातून वंदनाचे वडील, अण्णा, उतरले, मागून तिचे चुलते. अण्णा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. कामाचा खाकी शर्ट तसाच अंगावर होता. तेवढ्यात ऑफिसातून मॅडम बाहेर आल्या. त्या आमच्या आधीच येऊन बसल्या होत्या.

अण्णा ओरडले नाहीत. वंदनाच्या समोर उभे राहिले आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "तू त्याच्या खोलीवर गेली होतीस?"

वंदनाचं तोंड पांढरं पडलं. खोलीची गोष्ट तिनं या जगात दोघींनाच सांगितली होती. ती माझ्याकडं वळली नाही. मी रात्रभर तिच्याजवळच होते, तिला माहीत होतं. ती मॅडमकडं बघत राहिली.

"तुम्ही शब्द दिला होता," ती म्हणाली.

"पोरी, तुझ्या आईच्या जागी उभं राहून इचार करावा लागला मला," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मायेचा होता. त्यानंच जास्त लागलं.

"सामान भर," अण्णा म्हणाले.

मी तिची पेटी भरू लागले. ती भिंतीला टेकून उभी. पुस्तकं घेऊ का विचारलं, तर म्हणाली, "कशाला?" जीप गेली तेव्हा मॅडम फाटकापर्यंत गेल्या होत्या. हात वर करून उभ्या होत्या. वंदनानं मागं वळून पाहिलं नाही.

मी तशीच त्यांच्या ऑफिसात गेले. दार वाजवलं नाही.

"मॅडम, काहून केलंत असं?"

"बस आधी." त्यांनी खुर्ची दाखवली. मी बसले नाही. "तू लहान हाईस. रात्रभर डोळा न्हाई लागला माझा. त्या पोरीनं जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं असतं तर? रेक्टर मी हाय. तिच्या बापाला काय तोंड दाखवलं असतं?"

"मग तिला विचारायचं होतं ना. घरी सांगू का म्हणून."

"विचारलं असतं, तर ती न्हाई म्हणली असती."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आपण काय बोललो ते आता यांच्या ध्यानात येईल. निदान चेहरा बदलेल. काहीच झालं नाही. त्यांनी टेबलावरची फाइल ओढली आणि म्हणाल्या, "तिच्या भल्याचंच केलं मी. आज न्हाई, उद्या कळेल तुम्हाला."

संकेतचं काय, असं मी विचारलं. "आता घरचे ठरवतील. तक्रारदारच न्हाई तर समिती काय करणार?" म्हणजे तो वर्गात येत राहिला. पहिल्याच बाकावर बसत राहिला. आणि मॅडमही येत राहिल्या. दाराशी थांबायच्या, टकटक करायच्या. "येऊ का?" पोरं एका सुरात "या" म्हणायची, संकेतही म्हणायचा. मी वहीत डोकं घालून बसायचे. आई खोटं बोलताना सापडली तर लेकराला जसं वाटत असेल, तसं मला रोज सकाळी वाटायचं. त्यांनी शिकवलेलं एक वाक्यही खोटं नव्हतं, ही खरी अडचण होती. ते सगळं खरं धरूनच वंदना त्यांच्या दारात गेली होती.

वंदनाचा मोबाईल घरच्यांनी काढून घेतला होता. मी एकटीच शबानाताईंकडं गेले. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "तिच्या नावानं तू तक्रार करू नको. ती तक्रारही तिची न्हाई होणार. तू फक्त जाऊन एवढं सांग की दार उघडं आहे. लातूरच्या सरकारी दवाखान्यातही असंच केंद्र आहे. कधी जायचं ते तिला ठरवू दे."

परीक्षेचं निमित्त काढून मी तिच्या गावी गेले. ती अंगणात तुरी निवडत होती. वाळली होती. तिची आई आमच्यात येऊन बसली, हलेचना. शेवटी मी आईसमोरच सगळं बोलले. कुठलं केंद्र, कोण भेटेल, समितीची मुदत कधी संपते. वंदना सूप हलवत राहिली, एकदाही हो-नाही म्हणाली नाही. निघताना आईनं मला वाटेपर्यंत सोडलं. काहीतरी बोलायचं होतं तिला. तेवढ्यात गावची जीप आली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती माउली घरी 'बांगड्या भरायच्यात' म्हणून सांगून लेकीला लातूरला घेऊन गेली. जाताना गाडीत तिनं वंदनाला विचारलं, "तुला जायचंय का गं तिथं? न्हाईतर खरंच बांगड्या भरू." वंदना म्हणाली, "जायचंय." एवढंच बोलणं झालं दोघींचं.

मुदत संपायच्या आत तक्रार झाली, कॉलेजातही आणि पोलिसांतही. वंदनानं समितीला एकच अट घातली, की चौकशीत बिरादार मॅडम बसणार नाहीत. मॅडमना तो अपमान वाटला. स्टाफरूममध्ये त्या रडल्या म्हणे. पण साक्षीला बोलावलं तेव्हा त्यांनी सरळ साक्ष दिली. कोण कोणाचा मुलगा ते बघितलं नाही, की कॉलेजच्या नावाची काळजी केली नाही. पोरगी माझ्याकडं लगेच आली, तिनं नको म्हटलं होतं, हे मला तिनं त्याच दिवशी सांगितलं, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. संकेतला कॉलेजातून काढलं, त्यात त्या साक्षीचा वाटा मोठा होता. कोर्टात केस अजून चालू आहे. आईनं हळूहळू मन वळवल्यावर तारखेला आता अण्णा वंदनासोबत येतात. बाहेरच्या बाकावर बसून राहतात. त्या दिवशी व्हरांड्यात विचारलेला प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही. त्याबद्दल माफीही मागितलेली नाही. वंदनानं एम.ए. लातूरला पूर्ण केलं.

मॅडमच्या साक्षीबद्दल मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "खरं बोलल्या, चांगलं झालं." मग थोडं थांबून म्हणाली, "संकेतवर माझा एवढा विश्वास कधीच नव्हता गं, जेवढा त्यांच्यावर होता."

मी आता लातूरला एका कॉलेजात शिकवते. मागच्या लग्नसराईत गंजगोलाईच्या बाजारात भांड्यांच्या दुकानापुढं ओळखीचा आवाज ऐकू आला. "किलोचा भाव सांग रे, नगाचा नको सांगू." बिरादार मॅडम. रिटायर झालेल्या, केस पार पांढरे, एका पायानं थोड्या लंगडत होत्या. पुतणीच्या लग्नाची भांडी घेत होत्या. मला बघताच चेहरा फुलला. गालावरून हात फिरवला. तेवढ्यात दुकानदाराला भावात आणखी थोडं खाली आणलं, मग माझ्याकडं वळल्या.

"वंदना कशी हाय?"

"बरी हाय."

"नोकरी लागली?"

"लागली."

"लग्न?"

मी दुकानातल्या भांड्यांकडं बघितलं. त्या हसल्या. हातातला स्टीलचा डबा उलटा करून बुडाला टिचकी मारून बघितली. "तेव्हा तुम्ही दोघी लई रागावला होता माझ्यावर. पण बघ, बापाला कळलं म्हणूनच आज बाप तिच्यासंग कोर्टात उभा राहतो. आता तरी पटलं असंल तिला. सांग तिला, मॅडमनी आठवण काढली."

मला खूप काही बोलायचं होतं. बापाचं मन कुणी वळवलं, त्याआधी ते घर कसं होतं, बांगड्यांच्या निमित्तानं घराबाहेर पडलेली ती आई. मी "हाव मॅडम" एवढंच म्हटलं. दुकानातल्या माणसानं भांडी पोत्यात बांधली. त्यांनी ऑटोवाल्याला हात केला, पोतं आधी चढवलं, मग एक पाय वर घेऊन, ऑटोच्या दांडीला धरून कष्टानं आत बसल्या. ऑटो वळेपर्यंत त्या बाहेर डोकावून माझ्याकडं बघून हसत होत्या.

संध्याकाळी मी वंदनाला फोन लावला.

"मॅडम भेटल्या होत्या."

पलीकडं कढईत उलथनं फिरल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"कशा हायेत?"

"थकल्यात. पाय दुखायलाय त्यांचा."

"काही म्हणल्या?"

सांगू का नको, असं झालं मला. मग सांगितलं. "म्हणल्या, आता तरी पटलं असंल तिला."

उलथनं पुन्हा फिरलं नाही. मला वाटलं, रेंज गेली.

"वंदे?"

"भाजी करपायली गं," ती म्हणाली, "ठेवते."